भातावर तणनाशक मारले, आता अळसांदे पेरावेत का?

प्रश्न (पेडणे तालुक्यातून): पावसाळी भातात रुंद पानांच्या तणासाठी मेटसल्फ्युरॉन असलेले तणनाशक फवारले होते. कापणी झाली. आता त्याच जमिनीत ओलीवर अळसांदे (चवळी) पेरले तर चालतील का? आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) मारलेले ग्लायफोसेट हे तणनाशक जमिनीत किती दिवस राहते?

उत्तर: पेरण्याआधी विचारलेत हे फार बरे केलेत. मेटसल्फ्युरॉन भाताला हेक्टरी अवघे 4 ग्रॅम पुरते. इतक्या कमी मात्रेत तण मारणाऱ्या औषधाचा किरकोळ अंशही कडधान्याच्या कोवळ्या रोपाला भोवू शकतो. तणनाशकाचे अर्धायुष्य (निम्मे औषध मोडायला लागणारा काळ) 30 दिवस म्हणजे 60 दिवसांत सगळे संपले, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसे नाही. 60 दिवसांनी चौथा हिस्सा उरतो, 120 दिवसांनी सोळावा.

शिवाय हा आकडा जमिनीनुसार बदलतो. तणनाशक मोडतात ते मुख्यतः मातीतले जिवाणू आणि बुरशी, त्यासाठी त्यांना ओल, ऊब आणि सेंद्रिय कर्ब लागतो. मेटसल्फ्युरॉनचे आम्ल जमिनीत पाण्यानेही विघटन होते. आपली जांभ्याची माती आम्ल, त्यामुळे ते तुलनेने लवकर मोडते. मात्र पाऊस थांबून जमीन सुकली की हे काम मंदावते. याच हंगामात चुना टाकायचा बेत असेल तर थोडा थांबा, कारण आम्लता कमी झाली की हे औषध जास्त दिवस टिकते.

माझा आग्रह एवढाच, की दिवस मोजत बसू नका, मातीलाच विचारा. शेतात पाच-सहा जागी वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन मिसळा. न फवारलेल्या जागेची तशीच मातीही आणा. तळाला भोक पाडलेल्या करवंट्यांत दोन्ही माती वेगवेगळ्या भरून अळसांद्याचे बी पेरा, पाणी सारखे घाला. तिपानी (तीन पर्णिकांचे पहिले पान) फुटेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, पाहा. फवारलेल्या मातीतली रोपे खुजी राहिली, शेंडा पिवळा पडला किंवा मुळे आखूड निघाली तर पेरणी लांबवा. नांगरट करा, कुजलेले शेणखत घाला, ओल टिकवा आणि पुन्हा तपासा. पाण्याची सोय असेल तर वायंगणी (पावसाळ्यानंतरचे, पाण्यावरचे) भात घ्या, त्याला हा अंश बाधत नाही.

ग्लायफोसेटचे अर्धायुष्य काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत जाते. आपल्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड त्याला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे ते सहसा खाली झिरपत नाही, पण जिवाणूंच्याही हाती लवकर लागत नाही आणि धुपणाऱ्या मातीबरोबर ओहोळात उतरते. ऑक्टोबर 2022 च्या केंद्रीय अधिसूचनेने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता ठेवला आहे, तेव्हा स्वतः फवारू नका. कुळागरात तण कापून तिथेच पसरा, वर पोफळीच्या झावळ्यांचे आच्छादन द्या.