सेंटर विकलं, तर आमच्या गोठवलेल्या भ्रूणांना जबाबदार कोण?

शिरपूरच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या आयव्हीएफ सेंटरमध्ये आमचे भ्रूण ठेवलेत. सेंटर आता दुसऱ्या ग्रुपकडे जातंय. विचारलं की ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळतं. काही झालं तर कुणाला धरायचं?

ताई, मी धुळ्यात वकिली करतो. माझ्या मते जुना आणि नवा मालक, दोघांनाही पक्षकार करायचं. व्यवहार त्यांचा आपसातला, त्याच्याशी तुम्हाला काय? पण ती वेळ येण्याआधी कागद हातात घ्या.

2021 चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, जानेवारी 2022 पासून लागू आहे. नवरा-बायको दोघांच्या लेखी संमतीशिवाय भ्रूण गोठवताच येत नाहीत, आणि दोघांपैकी कुणी वारलं तर भ्रूणांचं काय करायचं तेही त्या कागदात असावं लागतं. आपल्याकडे सह्या ठोकून लोक मोकळे होतात, प्रत कुणी मागत नाही. ती मागा. व्हॉट्सॲपवर नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. किती भ्रूण, कधी गोठवले, कोणत्या टाकीत, स्ट्रॉवर (भ्रूण ठेवायच्या बारीक नळीवर) काय नोंद आहे, हे सगळं विचारा. नव्या मालकाच्या नोंदणीचा क्रमांकही.

आणि भ्रूण ज्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्याची नोंदवही. गावात गायी भरवायला (कृत्रिम रेतनाला) येणारा माणूस पांढरा धूर निघणारा कॅन आणतो ना, तंत्र तेच: उणे 196 अंश. नायट्रोजन सारखा उडत असतो, भरत राहावा लागतो. मालक बदलताना ‘आज कुणी भरायचा’ हाच घोळ व्हायची भीती. गेल्या तीन महिन्यांच्या पानांची झेरॉक्स मागितली की समोरचा जरा सावध होतो.

सेंटरवाले भ्रूण दुसरीकडे हलवायचं म्हणाले तर थांबवा. स्वतःचे भ्रूण स्वतःच्या वापरासाठी हलवायलासुद्धा एआरटी कायद्याच्या कलम 29 प्रमाणे त्याच कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. ठेवायची मुदत 10 वर्षं, तुमची तारीखही बघून घ्या.

नुकसान झालंच तर एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. एआरटी कायद्यातला दंड, पहिल्या वेळी 5 ते 10 लाख, सरकारजमा होतो. पुन्हा गुन्हा केला तर 3 ते 8 वर्षं कैद आहे, पण तिथे कोर्टात तक्रार मंडळाने किंवा त्याच्या अधिकाऱ्यानेच करायची. तुम्ही मंडळाकडे अर्ज जरूर द्या, भरपाई मात्र ग्राहक आयोगातून. ‘आम्ही जबाबदार नाही’ असं फॉर्मवर छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

त्यासाठी नाशिकच्या चकरा नकोत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धुळ्यातच, तक्रार करता येते. मुदत 2 वर्षं. सेंटरला भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी शून्य. रक्कम पावत्यांवरून धरतात, तेव्हा रोख देऊन कच्ची चिठ्ठी घेतली असेल तर पक्कं बिल आत्ताच, जुना मालक तिथे बसतोय तोवर, करून घ्या.