तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा पगार कुठून येतो

प्रिय केतकी,

पुण्याची कंपनी तुला एच-वनबीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत पाठवते आहे. तिथे बाई म्हणून किंवा भारतीय म्हणून डावललं तर सरकारकडे दाद मागता येते का, आणि त्या खात्याचे पैसे कापताहेत हे खरं का, असं तू विचारलंस. आधी पैशांचं सांगते, कारण दाद कशी मिळते ते त्यावरच ठरतं.

खात्याचं नाव इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन, म्हणजे ईईओसी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते निर्माण केलं आणि १९६५ च्या जुलैत त्याचं काम सुरू झालं. वंश, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व, गरोदरपण यांवरून नोकरीत होणारा भेदभाव हे खातं बघतं. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. तेव्हा सगळा खर्च काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दर वर्षी जे मंजूर करेल त्यातून. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षं ती रक्कम साडेपंचेचाळीस कोटी डॉलरवरच राहिली. पगारवाढ, भाडी, महागाई सगळं त्यातच बसवायचं, म्हणजे आकडा तोच राहिला तरी माणसं घटतात. २०२६ साठी तर व्हाइट हाउसने आणखी सुमारे दोन कोटी कमी मागितले. १९८० साली या खात्यात तीन हजारांहून जास्त लोक होते, अलीकडे दोन हजारांच्या आसपास. या काळात देशाची लोकसंख्या दहा कोटींनी वाढली. २०२४ च्या आर्थिक वर्षात ८८,५३१ नव्या तक्रारी आल्या. कारकुनापासून वकिलापर्यंत प्रत्येकाला तपासाला बसवलं तरी माणशी चाळीसच्या वर फायली होतात. मला याचा मनापासून राग येतो. कायदा रद्द करायला संसदेत भांडावं लागतं, पण तपासनीसच नेमले नाहीत तर कुणाला पत्ताही लागत नाही.

त्यात २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी दोन आयुक्तांना काढलं आणि खातं चालवणाऱ्या पाचजणांच्या आयोगात कोरमच, म्हणजे निर्णयाला लागणारी किमान माणसंच, उरली नाहीत. ऑक्टोबरपर्यंत तेच चाललं. तक्रारी घेतल्या जात होत्या, पण आयोगाच्या मतदानाने होणारे मोठे निर्णय अडून बसले.

आता तुझ्या कामाचं. मुदत. घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करायची. राज्याचा स्वतःचा कायदा आणि खातं असेल तर ईईओसीकडे ३०० दिवस मिळतात. न्यू जर्सीत मिळतात. पण २०१८-१९ मध्ये पैसे मंजूर न झाल्याने केंद्र सरकार ३५ दिवस बंद पडलं तेव्हाही या मुदतीचे दिवस मोजले जातच होते. दाराला कुलूप आहे म्हणून तारीख पुढे जात नाही.

हे मी स्वतः भोगलंय. दुसऱ्या वेळी गरोदर असल्याचं सांगितल्यावर तीन आठवड्यांत माझं प्रोजेक्ट काढून घेतलं. एचआरने "आम्ही बघतो" म्हटलं आणि मी विश्वासाने थांबले. आपल्याकडची सवय: साहेबांवर भरवसा ठेवायचा, वाद वाढवायचा नाही. शुद्धीवर आले तेव्हा राज्याच्या स्वतःच्या खात्याकडची १८० दिवसांची मुदत उलटून गेली होती. ईईओसीचे ३०० दिवस होते म्हणून वाचले. पुढे मध्यस्थीत प्रकरण मिटलं, आणि तिथे माझ्या बाजूने बोलली ती फक्त माझी वही. कोण, काय, कधी बोललं ते मी रोज रात्री घरी लिहायचे. तूही लिही. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नकोस, त्यावरूनच काढून टाकतील.

केंद्राचं खातं अशक्त असताना राज्याचं खातं विसरू नकोस. ईईओसीला मिळणाऱ्या पैशांतून राज्य आणि शहरांच्या खात्यांनाही त्यांनी हाताळलेल्या प्रकरणांचे पैसे जातात, पण राज्यांचे स्वतःचे कायदे केंद्राच्या अंदाजपत्रकावर अवलंबून नाहीत. केंद्राचा मुख्य कायदा १५ किंवा जास्त नोकर असलेल्या कंपनीलाच लागू होतो; न्यू जर्सीचा कायदा अगदी लहान कंपनीलाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या खात्याकडे जायला तीन वर्षं मिळतात.

व्हिसाची भीती तुझ्या प्रत्येक ओळीत दिसते. हे कायदे नागरिक नसलेल्यांनाही लागू आहेत, आणि तक्रार केल्याचा सूड उगवणं हेही बेकायदेशीरच. सर्वांत जास्त तक्रारी या सुडाच्याच असतात. एक बारकावा मात्र: "भारतीय नको" हा मूळ देशावरून भेदभाव, पण "व्हिसावाले नको" यात या कायद्याचा आधार मिळेलच असं नाही. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व आणि मूळ देश या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. आणि नोकरी गेली तर एच-वनबीवर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस हाताशी असतात, तपास तेवढ्यात संपत नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच ये, आणि प्रकरण चिघळायच्या आत वकिलाला एकदा भेट.

ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण कुठलं लिहिलंय? ऑफिस न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि क्लायंट टेक्सासात असं पुष्कळदा असतं, आणि मग राज्याचा कायदा बदलतो. ते पाहून मला कळव.

तुझी,
अनघाताई