पुण्याहून शनिवार-रविवारी कृष्णाकाठी कुठे जावं? जेवणाचीही सोय हवी.

सरळ वाई-मेणवली गाठा. वाईत ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू आवर्जून बघा. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशासारखी निमुळती बांधलीय. पण खरा वेळ मेणवलीला द्या. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा दगडी घाट आणि तिथे टांगलेली पोर्तुगीज घंटा, १७३९च्या वसई मोहिमेनंतर आणलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, जवळ जाऊन पाहा.

दुपारी वाईतल्या एखाद्या खानावळीत पिठलं-भाकरी, ठेचा. साताऱ्याला जाणार असाल तर कंदी पेढे घ्याच. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या शेवाळतात, मुलांचा हात सोडू नका.