आधी त्या एलडीसीच्या पैशांचं बोलू

साखळीहून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोव्यातल्याच एखाद्या न्यूज चॅनेलवर शोध पत्रकार व्हायचं म्हणते. लोकांची वैरं ओढवून घ्यायची, रात्री-अपरात्री फिरायचं, उद्या लग्नाला अडचण. एका ओळखीच्या माणसाने एलडीसीची (सरकारी कनिष्ठ कारकुनाची) जागा करून देतो म्हटलंय, काही रक्कम आधी द्यायची आहे. पण ती ऐकत नाही. तिचं मन कसं वळवू?’

भाऊ, मुलीचं मन राहू द्या बाजूला. तुमच्या पत्रातलं ‘काही रक्कम आधी’ वाचून मला जास्त काळजी वाटली. २०२४ मध्ये सरकारी नोकरीच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांना गोव्यात एकामागून एक अटक झाली. तेव्हाच्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. फसलेल्यांपैकी अनेकांना पैसे मागणारा माणूस ‘ओळखीचा’च वाटला होता. एलडीसीची भरती आता गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते, तिथे ‘करून देणारा’ मध्ये येतोच कुठे? आणि समजा, तो खरंच कोणाला पैसे पोचवणार असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. म्हणजे एकतर पैसे बुडणार, नाहीतर तुम्ही अडकणार. तिसरी वाट मला तरी दिसत नाही.

मुलगी ऐकत नाही म्हणता. नेमकं काय ऐकत नाही, तेवढं तुम्ही लिहिलेलं नाही. पैसे देऊ नका असं ती म्हणत असेल, तर घरात सगळ्यात शहाणी तीच आहे.

आता तिच्याबद्दल. तिच्या नि तुमच्या, दोघांच्याही डोक्यात शोध पत्रकार म्हणजे बटणात लपवलेला कॅमेरा आणि कोणाच्या तरी दारात माइक धरून आरडाओरडा, असं काहीतरी असावं. २००७ मध्ये दिल्लीत एका शिक्षिकेवर असंच ‘स्टिंग’ झालं. ते बनावट निघालं आणि चॅनेल महिनाभर बंद ठेवावं लागलं. त्या बाईंचं काय झालं असेल ते वेगळंच. गोव्यात शोधाचा बराचसा माल उघड्यावर पडलेला असतो. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ कलमांखालचे जमीन-वापराचे बदल सरकारी राजपत्रात छापून आलेले आहेत: गाव, सर्व्हे नंबर, किती चौरस मीटर, ‘ऑर्चर्ड’चं (बागायतीचं) ‘सेटलमेंट’ (वस्तीची जागा). ते वाचायचं. मग त्याच सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा काढायचा, कब्जेदाराच्या रकान्यात कंपनी दिसली तर तिचे संचालक शोधायचे, राहिलेलं दहा रुपये भरून माहिती अधिकारात मागायचं आणि तीस दिवस उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही तर अपील. शेवटी त्या जागेवर कॅमेरा न्यायचा, ज्याच्यावर बातमी आहे त्याचीही बाजू घ्यायची. पडद्यावर दिसतं तीन मिनिटं. हे काम चिकटपणाचं आहे, आणि त्यात बाई की पुरुष हा प्रश्न येतच नाही.

गोड बोलून फसवणार नाही. पहिली काही वर्षं पगार तुटपुंजा असतो. छोट्या चॅनेलात ‘शोध’ अशी वेगळी खुर्ची नसते; सकाळी अपघात, दुपारी पत्रकार परिषद, आणि राजपत्र वाचायचं ते स्वतःच्या वेळात. बिल्डरची आणि सरकारची जाहिरात बंद होईल म्हणून तयार बातमी डब्यात जाते, हेही होतं. धमकीचे फोनही येतात. म्हणून कागद हातात असल्याशिवाय पडद्यावर एक वाक्य बोलायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट किंवा आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) अमरावती केंद्र बघा. बोलायला कोकणी लागेल, कागद वाचायला इंग्रजी. मराठी तिची आहेच. तिला निवड आयोगाची परीक्षाही द्यायची असेल तर खुशाल देऊ दे, अभ्यास करून.

पैसे दिले नसतील तर त्या माणसाला आजच नाही म्हणा. दिले असतील तर कधी, किती, रोख की खात्यावर, सगळं तारीखवार लिहून काढा, मेसेज पुसू नका आणि आधी वकिलाकडे, मग पोलिसांत जा. टिपण काढायला मुलीला बसवा.