मुलगा चर्चला येत नाही, मग मी मंडळीचा वडील कसा?

मंडळीचा वडील म्हणजे चर्चमधल्या माणसांचा सांभाळ करायला नेमलेला जाणता माणूस. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या अशा वडिलांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की समोरच्याने बायबल मांडीवर ठेवलं की खुणेची चिठ्ठी कुठे असेल ते मला आधीच कळतं. तीमथ्याला पहिलं पत्र, तिसरा अध्याय. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करणार, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे विचारतो. कुणाची मुलगी उपासनेला येत नाही, कुणाच्या मुलाने विश्वासाबाहेर लग्न ठरवलंय, आणि बाप रात्रभर त्या एका ओळीशी झगडतोय.

अण्णांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. अण्णा नऊ वर्षं मंडळीचे वडील. सलाम करून बसले आणि बायबलमधून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा होता.

"माझं एलीसारखं झालंय," ते म्हणाले. "मुलगा दोन वर्षं उपासनेला आलेला नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मी थाळी घेऊन उभा, आणि त्याची जागा रिकामी. लोक बघतात."

एली हा बायबलमधला याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, आणि त्याची मुलंही याजक होती. देवाला आणलेल्या अर्पणात ती हात घालायची, आणि एलीने ते ठाऊक असून आवरलं नाही. तुमच्या मुलाने असं काय केलंय, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. शमुवेलाची मुलंही लाच खात होती, म्हणून शमुवेल संदेष्टा राहिला नाही असं शास्त्र म्हणत नाही, हेही मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा तसाच. दाखले देऊन भागणार नव्हतं.

मग मी विचारलं, "उपासनेच्या वेळी तो घरी काय करतो?"

बराच वेळ गेला. "माहीत नाही," ते म्हणाले.

माझ्याकडे माणूस एकटा येतो, पण मी त्याला एकटा धरत नाही. मागे अख्खं घर असतं आणि दुखणं बहुधा दोन माणसांच्या मधल्या जागेत असतं. त्यामुळे पुढच्या खेपेला मी मुलाला बोलावलं. तो आला. बापाकडे न बघता बोलला.

"इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझे तीन विषय राहिले. मी फक्त पप्पांना सांगितलं. दोन दिवसांनी घरप्रार्थनेत पंधरा माणसं माझ्या तीन विषयांसाठी प्रार्थना करत होती. मी आतल्या खोलीत होतो."

"प्रार्थनेसाठीच सांगितलं रे," अण्णा म्हणाले.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, पप्पा. मंडळीच्या वडिलांना नाही. मला माझे वडील हवे होते."

त्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. मराठीत आपण दोघांनाही एकच शब्द वापरतो, आणि त्या मुलाने तो शब्द दोन तुकडे करून बापासमोर ठेवला. अण्णा रडले. मी मध्ये बोलले नाही, आणि ते जमायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

कोल्हापूर, सांगली, मिरजेकडच्या जुन्या मंडळ्यांत 'वडील' हा मानाचा शब्द. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढे ते काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं, आणि प्रेसबिटेरियन हे नावच ग्रीकमधल्या 'वडील' या अर्थाच्या शब्दावरून पडलेलं. पण मान मिळाला की हजेरी मोजायची सवयही लागते. अण्णा घरात हजेरी मोजत होते. पौलाची ओळ मात्र सांभाळाबद्दल आहे. तिथलं मूळ क्रियापद नव्या करारात आणखी एकाच गोष्टीत येतं, चांगल्या शोमरोन्याच्या. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला त्याने उतारशाळेत नेऊन सांभाळलं, आणि निघताना मालकालाही तसंच करायला सांगितलं, तिथे. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रथमच तो अध्याय निकालपत्रासारखा न वाचता वाचला. माझ्या मते त्या ओळीचा खरा अर्थ हाच आहे: जखम झाकून घरी नेता येते का, हे आधी घरात दिसतं.

म्हणून वडिलाच्या कामात मी गुप्तता फार वर ठेवते. याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. बोलावणारा आजारी आहे, वडील त्याचं दुखणं आपण होऊन गावभर नेत नाहीत. कुणासाठीही जाहीर प्रार्थना करण्याआधी त्याला विचारा, तो आपला मुलगा असला तरी, किंबहुना असला तर जास्तच. पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेत शहरात बोलावून सांगितलं तेही आठवा: आधी स्वतःकडे, मग सगळ्या कळपाकडे लक्ष द्या.

आणि भार वाटा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला, मोशेचा सासरा इथ्रो याचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो: मोशे, तू झिजशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पण तो सल्ला देण्याआधी इथ्रो काय घेऊन आला होता? मोशेची बायको आणि दोन मुलं. ती माहेरी होती. वडिलांच्या सभांमध्ये हा भाग कुणी वाचत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. मंडळीत वडील एकटा नसतोच, प्रेषितांच्या काळापासून ते अनेकजण आहेत. मग घरभेटींचा एक भाग सहा महिने दुसऱ्याकडे द्यायला काय हरकत?

राजीनाम्याची घाई मात्र करू नका. आपल्यामुळे बापाचं पद गेलं, हे ओझं मुलाने जन्मभर का वाहावं?

अण्णांनी शनिवारच्या घरभेटी सोडल्या. मुलगा अजून उपासनेला नियमित येत नाही, नाताळला आला होता. मध्ये अण्णांचा फोन आला. मुलाची नोकरीची मुलाखत होती. त्यांनी त्याला विचारलं, मंडळीला प्रार्थनेला सांगू का? तो म्हणाला, "नको. तुम्ही करा, इथेच." आणि पलंगावर सरकून त्याने त्यांना जागा दिली.