रिकामा बार आणि पैलवानाचा नातू

प्रश्न : सर नमस्कार. वय 38, वजन 72 किलो, उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशोब बघतो, म्हणजे दिवसभर खुर्चीत. आमचे आजोबा गंगावेश तालमीत मेहनत करायचे, खासबागेत कुस्त्या केलेला माणूस, आणि मी त्यांचा नातू आजवर सिलेंडर उचलण्यापलीकडं काही केलेलं नाही. मागच्या महिन्यात जिम लावली. पहिल्याच दिवशी जोशात सगळ्या मशीनवर फिरून आलो, वर पन्नास बैठका. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, केस विंचरायला हात वर जाईना. चार दिवस घरी. परत गेलो तर शेजारी विशीतली पोरं साठ-साठ किलो मारतायत आणि मी रिकामा बार, म्हणजे प्लेट न लावलेला नुसता लोखंडी दांडा, लई लाज वाटते. ट्रेनर म्हणतो प्रोटीन पावडर चालू करा, आई म्हणते जिम कशाला, घरातच जोर-बैठका मार. नेमकं काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी त्या दुखण्याचं बोलू, कारण निम्मी माणसं तिथंच जिम सोडतात आणि भरलेली फी जिमवाल्याला दान करतात. सवय नसलेलं काम केलं, त्यातही वजन खाली सोडताना स्नायूवर ताण आला, की पुढच्या एक ते तीन दिवसांत अंग धरतं. लॅक्टिक अॅसिड साठलं वगैरे जे सांगतात ते खरं नाही, ते व्यायाम संपल्यावर तासा-दीड तासात निघून जातं. तेच काम पुढच्या आठवड्यात केलं तर निम्मंपण दुखत नाही, म्हणून चार दिवस झोपून राहण्यापेक्षा रंकाळ्याला एक फेरी मारायची, हलकं हलत राहायचं. फक्त एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका: अति केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, स्नायू टम्म सुजले, तर थेट दवाखाना गाठायचा. स्नायू फुटून त्यातला माल किडनीवर जातो, आणि पहिल्याच दिवशी शेकड्यानं बैठका मारणाऱ्यांना हे होऊ शकतं.

आता लाजेचं. आजोबांना विचारता आलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं की नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी जोडीला उभा करत नाहीत. जिममध्ये अडचण अशी की तिथं वस्ताद नसतो, आरसा असतो, आणि आरशासमोर प्रत्येकाला शेजाऱ्याएवढं उचलावंसं वाटतं. मी स्वतः पस्तिशीत सुरू केलं तेव्हा एका पोराच्या नादानं डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायला, चाळीस किलो जास्त लावलं आणि पुढचे तीन आठवडे मोज्यात पाय घालायला बायकोला हाक मारत होतो. तिनं ते अजून विसरलेलं नाही. आणि रिकामा म्हणजे काय रिकामा, मोठा ऑलिम्पिक बार 20 किलोचा असतो. आपल्याकडच्या जिममध्ये बारीक, हलके बारपण असतात, त्यामुळं एकदा विचारून घ्या नाहीतर आज वीस उचललं आणि उद्या दहा असा हिशोब होईल, आणि हिशोबाचं तुम्हाला मी काय सांगायचं.

आठवड्यातून तीन दिवस पुरे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, मधे एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी सगळ्या अंगाला काम, छाती एक दिवस बायसेप एक दिवस हे नंतर. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट म्हणजे बैठक, उताणं पडून छातीवरून बार वर ढकलायचा बेंच प्रेस, बसून ओढायची रोइंग, वरून ओढायचं पुलडाऊन, गुडघे किंचित वाकवून कंबरेतून वाकायचं रोमानियन डेडलिफ्ट, एवढं येऊ दे आधी. प्रत्येकाचे दोन सेट म्हणजे दोन खेपा, पहिल्या महिन्यानंतर तीन, एका सेटला आठ ते बारा रेप, म्हणजे तेवढ्या वेळा उचलायचं, मधे दोन मिनिटं थांबायचं आणि त्या दोन मिनिटांत मोबाईल काढायचा नाही कारण त्याची दहा होतात. वजन केवढं, तर सेट संपल्यावर "अजून दोन निघाले असते" असं वाटलं पाहिजे. चाळीस पानी वही घ्या, तारीख, वजन, रेप लिहा. सगळ्या सेटला बारा-बारा स्वच्छ निघाले की पुढच्या वेळी दोन्ही बाजूला सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे अडीच किलो वाढ. बास. शेजाऱ्याच्या बारकडं न बघता स्वतःच्या मागच्या पानाकडं बघायचं, सगळं इंगित यातच आहे.

पहिले दीड-दोन महिने वहीतले आकडे भराभर चढतील आणि आरशात फार काही दिसणार नाही. तेव्हा स्नायू वाढण्याआधी मेंदू आणि नसा ते काम शिकत असतात, असलेलाच स्नायू जास्त कामाला लावतात. अंगावर दिसायला तीन-चार महिने धरा. तसंही ताकद अंगावर दिसतेच असं नाही, खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते 57 किलो गटात.

आई चुकीचं बोलत नाहीत. जोर मारला तर छाती-खांदा-दंड, बैठकीनं मांड्या, आणि फुकट. पण दोन गोष्टी कमी पडतात. एक, शंभराच्या दोनशे बैठका झाल्या की दम वाढतो, ताकद त्या मानानं नाही, त्याला वजन वाढवावं लागतं. दोन, ओढायचं काम होत नाही. तालमीत ते दोर चढून, फावड्यानं कुस्तीचा मातीचा हौद उकरून व्हायचं, शिवाय फिरवायला जड मुद्गल, उचलायला दगडी नाल. म्हणजे वजनं तालमीतपण होतीच, फक्त त्यांना सेल्फी येत नव्हती. तुम्ही जिमच्या आधी गरम व्हायला पंधरा-वीस जोर मारा, आईपण खूश.

पावडर आत्ता नको. ती काय विष नाही, दुधातलंच प्रोटीन आहे, पण आधी ताट बघा. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण 90 ते 115 ग्रॅम प्रोटीन पुरतं. तीन अंडी 18, म्हशीच्या दुधाचे दोन ग्लास 18-ला थोडं वर, दोन वाट्या घट्ट आमटी 12, मूठभर शेंगदाणे 7, चार चपात्या-भाकरीत 14 धरा, आणि शंभर ग्रॅम शिजलेलं चिकन नाहीतर पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे, की झालं 95 च्या आसपास. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायची हौस मला कळते, पण तापवून प्या, प्रोटीन तेवढंच राहतं. एवढं जमत नसेल तर मग घ्या डबा.

प्रश्न : माझं वय 53. मुलगी मागं लागलीय की आई नुसतं चालून होत नाही, वजनं उचल. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे. आणि बायकांचं अंग पुरुषासारखं होतं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ताई, मुलगी बरोबर आहे. पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात आणि हाडांना वजनाचा ताण मिळाला तर ती टिकायला मदत होते, नुसत्या चालण्यानं तेवढं होत नाही. पुरुषासारखं अंग व्हायला पुरुषांएवढं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन लागतं, ते बायकांत कितीतरी कमी असतं, पोरं वर्षानुवर्षं जीव काढतात तरी त्यांचं होत नाही हो. बीपी आहे म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना तोंडानं सोडायचा, कोंडला की बीपी उसळतं. सुरुवात घरातच: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपं झालं की दोन्ही हातांत एक-एक लिटर पाण्याची बाटली. गुडघा थोडा कुरकुरला तर चालतं, पण दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं किंवा सूज आली तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

प्रश्न : पांढऱ्या रश्श्यात प्रोटीन असतं ना? मी जिमनंतर चार वाट्या पितो.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : भावा, रश्श्यात मटणाचं आळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. प्रोटीन नावाला, बाकी सगळी चरबी न् चव. प्रोटीन पातेल्याच्या तळाला बसलेल्या मटणाच्या तुकड्यात आहे आणि ते बहुतेक तुझा मोठा भाऊ खातोय.