भातुकली मांडतात, संसार करतात

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: “‘द सिम्स’सारख्या, पडद्यावरच्या माणसांचं घर आणि रोजचं जगणं चालवायच्या व्हिडिओ गेमवर लेख लिहिते आहे. त्यात ‘हे खेळ म्हणजे नुसती संगणकावरची भातुकली आहे का?’ असं वाक्य आहे. इथे ‘भातुकली’ बरोबर, की ‘बाहुलीघर’? आणि या सगळ्या प्रकाराला मराठीत काय म्हणावं?”

ताई, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालणारे नाहीत. तुमच्या लेखाचं उत्तर मला त्यांच्यातल्या फरकातच दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहुलीघर ही वस्तू. ते सजवावं, पाहावं, कपाटावर ठेवून द्यावं. भातुकली म्हणजे खेळातली भांडीकुंडी हा अर्थ आहेच, पण त्याहून जास्त तो खेळ. शब्दाच्या पोटात ‘भात’ आहे, तो संस्कृत ‘भक्त’ म्हणजे अन्न यावरून आलेला. जुन्या मराठीत ‘भातुकें’ म्हणजे लेकराला द्यायचा खाऊ. म्हणजे या शब्दात मुळापासून कुणीतरी कुणालातरी काही देतं आहे, आणि बाहुलीघरात नेमकं तेच नाही.

आता क्रियापदं पाहा. भातुकली ‘मांडतात’. मांडून झाली की मुलं बोलतात कशी? ‘मी आई झाले’, ‘आता रात्र झाली’, ‘चला, सकाळ झाली’. म्हटलं की झालं! भूतकाळाचा इतका सुंदर उपयोग मला मराठीत दुसरीकडे क्वचितच दिसतो. भातुकलीत शब्द हाच नियम असतो. तिथला स्वयंपाक कधी करपत नाही, करपायचा असेल तर कुणीतरी ‘करपला’ म्हणावं लागतं.

‘द सिम्स’मध्ये तो न विचारता करपतो. स्वयंपाकाचं कौशल्य कमी असलेल्या माणसाला चुलीपुढे उभं केलं, तर आग लागू शकते आणि त्यात तो मरूही शकतो.

हा खेळ 2000 साली आला. त्याचा कर्ता विल राइट याचं घर 1991 च्या, अमेरिकेतल्या ओकलंडच्या वणव्यात जळालं होतं. संसार पुन्हा उभा करताना कुठली वस्तू खरंच लागते आणि का, हा प्रश्न त्याला पडला, आणि खेळाचं बीज तिथे आहे. गंमत अशी की घडणीच्या काळात हा खेळ ‘बाहुलीघर’ याच अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखला जायचा. तरी मी तो शब्द घेणार नाही, कारण बाहुलीला इच्छा नसते. मूळ खेळातल्या माणसांना भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सहवास अशा आठ गरजा आहेत. त्या सतत कमी होत जातात. आजूबाजूची प्रत्येक वस्तू आपण कोणती गरज किती भागवू शकतो हे जणू पुकारत असते, पलंग झोपेसाठी हाक मारतो, फ्रिज भुकेसाठी, आणि माणूस त्यातली एक हाक ऐकतो. आपण सांगितलेलं काम तो नाकारूही शकतो. त्यांचं भांडणही त्यांच्यापुरतं लुटुपुटूचं नसतं. दुरावा आला की तो आपण ‘मिटला’ म्हटल्याने मिटत नाही, पुन्हा वेळ देऊनच भरून काढावा लागतो.

इथे मराठीतला दुसरा शब्द मदतीला येतो: संसार. हिंदीत तो जगासाठी येतो, आपण तो घरप्रपंचासाठी राखून ठेवला. मूळ धातू ‘सृ’, सरकणं, वाहत राहणं. संसार आधी ‘मांडतात’ किंवा ‘थाटतात’, आणि मग तो ‘करावा’ लागतो. या खेळातही घर बांधणं आणि सामान घेणं हे वेगळे विभाग आहेत, तेव्हा वेळ थांबलेली असते. जगण्याच्या विभागात आलात की घड्याळ सुरू होतं. मांडणं आणि करणं यांतली आपली रेघ तिथे जशीच्या तशी सापडते! 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर माणसं म्हातारी होऊ लागली, रंगरूप पुढच्या पिढीत उतरू लागलं. वाहणं आलं.

तरी उणं आहे ते म्हणायला हवं. चांगली खुर्ची घेतली की सुख वाढतं, हा हिशेब मला तोकडाच वाटतो. दुःखाला आकड्याची पट्टी पुरत नाही. आणि एखादा खेळाडू वर्षभर फक्त भिंती रंगवत बसला, तर त्याच्यापुरतं ते बाहुलीघरच, त्यात कमीपणाही नाही.

सगळ्याच खेळांना ‘संसार’ शोभणार नाही. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या, प्राण्यांच्या शेजारात राहायच्या खेळामध्ये घड्याळ खऱ्या वेळेवर चालतं, पण तिथे कुणी उपाशी मरत नाही. बरेच दिवस फिरकलं नाही तर तण माजतं, एवढंच. तिथे ‘भातुकली’ अगदी चपखल. प्रकाराचं नाव म्हणून इंग्रजी ‘लाइफ सिम्युलेशन’साठी ‘जीवनसदृशीकरण’सारखा शब्द बनवता येतो, पण तो जिभेवर बसत नाही. मी ‘संसारखेळ’ लिहीन.

राहिलं तुमचं वाक्य. त्यात ‘भातुकली’ राहू द्या, ‘नुसती’ तेवढं काढा. ‘हे खेळ म्हणजे भातुकली, की त्यात संसारही करावा लागतो?’ असं लिहिलंत, तर पुढच्या परिच्छेदात तुम्हाला काय तपासायचं आहे ते त्या दोन शब्दांतच येईल.